न झालेल्या बदलीचा नारळ

ज्या माणसाची बदली झाली नव्हती, ज्याला निवृत्त व्हायला अजून सहा वर्षं होती आणि ज्यानं ‘मी जातो’ असं कुणालाही सांगितलं नव्हतं, त्याचा निरोप समारंभ मी घडवून आणला. शाल, नारळ, हार, जिलबी, सगळं रीतसर. भाषणही मीच केलं.

कुणी म्हणेल, गैरसमज झाला असेल. तीच तर पंचाईत आहे. तो माणूस खरोखरच निघाला होता. फक्त मी समजत होतो तसा हैदराबादला नाही.

ऑफिसात त्यांना सगळे मुन्शीजी म्हणत. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वीसेक वर्षं झाली होती. राज्य बदललं, साहेब बदलले, पाट्या बदलल्या. पण आमच्याकडचे जुने जमिनींचे कागद उर्दूतच राहिले. त्यांना कुणी कळवलंच नसावं. लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते छतापर्यंत रचलेले असत. एखाद्याला आज्याची जमीन शाबीत करायची असली की तो आमच्याकडं येई, आम्ही त्याला मुन्शीजींकडं ढकलू, आणि मुन्शीजी खुर्चीवरूनच सांगत, "तिसरा खण, उजवीकडून सातवा बस्ता. वर पालीची अंडी आहेत, जरा जपून." निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेला माणूस. मराठी अस्सल, पण मध्येमध्ये अत्तराचा फाया ठेवल्यासारखी. मला ते ‘बरखुरदार’, म्हणजे बेटा, म्हणत. मी पैठणकडचा, शेतकऱ्याच्या घरातला पहिला कारकून. पहिले सहा महिने मला ती शिवी वाटत होती आणि माझं काम बघता ती शिवीच शोभली असती.

मुन्शीजींच्या तऱ्हा किती सांगाव्यात! दर शनिवारी ते सगळ्यांच्या दौती भरून ठेवत. खिशाला तीन पेन लावत. एक लिहायला, एक सहीला आणि एक ‘मागणाऱ्याला’. तो मागणारा बहुधा मीच. कुणी रजेवर गेलं की त्याचं काम न सांगता करून टाकत. स्वतः रजा घेत नसत. साहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रजा घेऊन करायचं काय, साहेब?" आम्ही खो-खो हसलो. विनोद म्हणूनच हसलो. मुन्शीजींचं प्रत्येक वाक्य विनोदच असतं, असं आमच्या ऑफिसचं ठरलेलं होतं. त्यांनी ‘आग लागली’ म्हटलं असतं तरी आम्ही आधी टाळी दिली असती.

रोज चहाला एक किस्सा. तोही हुकमी. शहागंजच्या हॉटेलातून चहा आला की सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमत. चहा संपायला आणि किस्सा संपायला एकच गाठ पडायची. मग आम्ही पोट धरून आपापल्या जागी जायचो आणि ते पुन्हा कागदावर वाकायचे. आम्ही पाठ फिरवल्यावर त्यांचा चेहरा कसा दिसतो, हे मी सात वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पाठ फिरवलेल्या माणसाला दिसणार तरी कसं, हा माझा त्यावरचा जबाब आहे आणि तो मी आजही स्वतःला देत असतो.

त्यांची खरी करामत दोन शब्दांत होती. "कसं काय, मुन्शीजी?" विचारलं की ते म्हणत, "खैरियत! तुम्ही सांगा." त्या ‘तुम्ही सांगा’त असा काही मुलायमपणा असायचा की माणूस सांगायलाच बसायचा. मी त्यांना माझी मूळव्याध सांगितली, सासुरवाडीचे अपमान सांगितले, धाकट्या भावानं बांध कोरला ते सांगितलं. त्यांच्याविषयी मला काय ठाऊक होतं? औरंगपुऱ्यात राहतात, दोन मुली नांदायला गेल्या, धाकटी हैदराबादला, बायको सुगरण. संपलं. पण कुणी विचारलं असतं तर मी छातीवर हात मारून सांगितलं असतं, मुन्शीजी माझे जिवलग!

बायको सुगरण हे मात्र मी पुराव्यानं सांगू शकतो. त्यांचा डबा मीच खात होतो.

सुरुवात कशी झाली आठवत नाही. एक दिवस म्हणाले, "बरखुरदार, आज येसराची आमटी आहे. चाखून बघा." चाखली. दुसऱ्या दिवशी धपाटे. मग रोजचंच झालं. डबा उघडून माझ्यापुढं सरकवायचा, स्वतः एक तुकडा मोडून हातात धरायचा आणि बोलत राहायचं. मला वाटे, काय दिलदार माणूस! असं आठ महिने चाललं. माझा कमरेचा पट्टा दोन भोकं पुढं गेला. त्यांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "मुन्शीजी, बारीक झालात. तब्येत कमावली बुवा!" आणि शेवटचा धपाटा उचलला.

याच दिवसांत त्यांनी मला सायकल दिली. फुकट. "आता चालणं बरं वाटतं," म्हणाले. मी ती घेतली आणि चौथ्या दिवशी घंटी वाजत नाही म्हणून तक्रार केली. त्यांनी दुसऱ्या दिवशी येताना नवी घंटी आणली, स्वतः वाकून बसवली. छत्री त्यांनी आमच्या पाणी भरणाऱ्या मावशीला दिली. चालणं तर खरंच वाढलं होतं. पहाटे चारला गुलमंडीवरून जाताना दूधवाल्याला दिसत. तीनपासून झोप लागत नाही, असं मला त्यांनीच सांगितलं होतं. यावर मी काय करावं? घरी जाऊन बायकोला म्हणालो, "शिस्त बघ जरा! नाहीतर आपण!"

आता या सगळ्यावर कळस. संक्रांतीच्या सुमारास ऑफिसचं संमेलन झालं आणि त्यात शेलापागोटे वाटायचं काम, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर कागदी पागोटं ठेवून त्याच्या स्वभावावर दोन ओळी वाचायच्या, हे माझ्याकडं आलं. मुन्शीजींसाठी मी रात्रभर यमक जुळवलं होतं:

‘दुःख हिंडले दारोदार, थकले, बसले चौकटीपाशी;
मुन्शीजी म्हणाले, पुढे जा, जागा नाही आमच्यापाशी!’

टाळ्या पडल्या. मुन्शीजींनी मान खाली वाकवून पागोटं घालून घेतलं, आणि जरा जास्तच वेळ मान खाली ठेवली. मला वाटलं, किती विनय!

त्यानंतर मुन्शीजी जंत्री करायला लागले. सगळ्या बस्त्यांची यादी, कुठला बस्ता कुठल्या खणात, कुठला कागद कुठल्या गावचा, कुठल्या मुन्शीचं अक्षर कसं वाचायचं. संध्याकाळी ऑफिस सुटलं तरी बसत. आणि मला जवळ बसवून ते घसटलेलं उर्दू अक्षर वाचायला शिकवू लागले. इतक्या वर्षांत कधी नाही ती घाई. "लवकर शिका, बरखुरदार. लोक लांबून येतात. त्यांचं अडायला नको." शेवटी एक दिवस त्यांनी आपलं भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. पितळी दांड्याचं, जुनं. त्याच्याशिवाय त्यांना ओळ दिसत नसे. "राहू द्या तुमच्याजवळ," म्हणाले. मी त्या भिंगातून सुपारीतली कीड बघितली.

भिंग घेऊनही माणूस आंधळा राहू शकतो, याचा मी चालता-बोलता नमुना.

पण अगदीच आंधळा नव्हतो, हे माझं दुर्दैव. मी विचार केला. सायकल दिली, छत्री दिली, भिंग दिलं, कामाची जंत्री केली, शागीर्द तयार केला. याचा अर्थ काय? अर्थ उघड होता: मुन्शीजी चालले! गुपचूप हैदराबादला बदली मागितली असणार, धाकट्या मुलीजवळ. निरोपाचा गाजावाजा नको म्हणून लपवतायत. असा शोध लावल्यावर माझी छाती फुगली. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "माझ्याकडं तर काहीच कागद नाही." मी म्हणालो, "साहेब, कागद काय, मागाहून येतो." सरकारी नोकरीत हे वाक्य कधी खोटं ठरत नाही. साहेबांनी मान डोलावली.

फक्त मावशीनं मान डोलावली नाही. मावशी खुलताबादकडची, धनगराच्या घरातली. नवरा गेल्यावर मेंढरं दिराकडं गेली आणि ती आमच्याकडं पाण्याला लागली. मी शाल आणायला गुलमंडीवर निघालो तेव्हा तिनं मला दारात अडवलं.

"भाऊ, कुठं चालले ते मुन्शीजी?"

"हैदराबादला."

"कोण म्हनलं?"

"कुणी कशाला म्हणायला पाहिजे? दिसतंय की."

"मला येगळंच दिसतंय," ती म्हणाली. "माझी गोष्ट आईका. मेंढरू दुखन्याला आलं की कळपाच्या मागं ऱ्हातं. ते कुनालाबी दिसतं. पर एखांदं लई शानं असतं. ते कळपाच्या मधी घुसून चालतं. समदी खाली तोंड घालत्यात, तेबी घालतं. लांबून वाटतं, चरतंय. पर जबडा हालत नाय, भाऊ. जवळ जाऊन जबडा बघावा लागतो."

"मग?"

"मग काय मग? तुमी रोज समोर बसून खाता. त्यांचा जबडा हाललेला कधी बघितला?"

मी हसलो. म्हणालो, "मावशी, माणूस म्हणजे मेंढरू नव्हे."

"व्हय," ती म्हणाली, "मेंढराला राखनदार असतो."

हे वाक्य ऐकूनही मी गुलमंडीवर गेलो, शालीचा रंग बदलून घेतला आणि जिलबी ताजी आहे ना, याची दोनदा खात्री केली.

शनिवार होता, अर्ध्या दिवसाचं ऑफिस. बाराला मी मुन्शीजींना ‘एक कागद वाचता येत नाही’ म्हणून साहेबांच्या खोलीत आणलं. आत सगळे उभे. टेबलावर हार. मुन्शीजी दारातच थांबले. "कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं!" मी म्हणालो. "तुम्ही जाताय ते आम्हाला कळलंय!"

त्यांच्या हातातला कागद खाली पडला. चेहरा असा पांढरा झाला की मी आणखी खूष झालो. चोरी पकडली गेली की माणूस पांढरा पडतोच.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" अगदी हळू विचारलं त्यांनी.

"सांगायला कशाला पाहिजे? आम्ही काय दूधखुळे आहोत? सायकल दिलीत, भिंग दिलंत. लपतं का हो, मुन्शीजी?"

"घरी... घरी कळलंय?"

"घरच्यांना तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार!" मी म्हणालो आणि भाषणाला उभा राहिलो.

ते भाषण मला तोंडपाठ आहे. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी म्हणालो, मुन्शीजींनी सगळं इतकं नीट लावून ठेवलंय की ते गेल्यावर इथं कुणाचं काहीही अडणार नाही. मी म्हणालो, जायचं एकदा ठरलं की मागं वळून बघू नये. मी म्हणालो, मुन्शीजी, आमची फिकीर करू नका, इत्मिनानानं जा. ‘इत्मिनान’ हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. म्हटलं, गुरूची विद्या गुरूला.

टाळ्या पडल्या. मी हार घेऊन पुढं झालो. मुन्शीजींनी मान वाकवली, संमेलनात वाकवली होती तशीच. मी हार घातला. मान वर येईना. मग गुडघे वाकले आणि ते तिथंच, साहेबांच्या टेबलाच्या पायाशी, फरशीवर बसले. खांदे हलायला लागले. दोघेचौघे हसले, मुन्शीजी काहीतरी नक्कल करतायत असं त्यांना वाटलं. मीही हसलो, हे लिहून टाकलेलं बरं.

त्यांनी वर बघितलं. सात वर्षांत मी न पाहिलेला चेहरा तो हाच.

"इतकं सगळं दिसत होतं तुम्हाला," ते म्हणाले, "तर एकदा विचारलं का नाही, बरखुरदार?"

साहेब माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "अहो, बदली नक्की कुठं झालीये?"

"उद्याचं ठरवलं होतं," मुन्शीजी फरशीकडं बघत म्हणाले. "उद्या रविवार. कुणाचं काम अडायला नको म्हणून."

तेव्हा कुठं मला कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? नारळ हातात घट्ट धरून उभा राहिलो. मावशीनं मला कोपरानं बाजूला सारलं. ती खाली बसली, त्यांच्या गळ्यातला हार काढून माझ्याकडं न बघताच माझ्या हातात दिला आणि त्यांचं मनगट धरलं, पोराचं धरावं तसं.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. "आज माझ्यासंगं दवाखान्यात चला. म्या काय तुमचा हात सोडनार नाय. उठा."

ते उठले. मला वाटतं, कुणी ‘उठा’ म्हणायचीच ते वाट बघत होते. आम्ही सगळे वर्षभर ‘वा वा’ म्हणत होतो.

टांग्यात मावशी त्यांच्या शेजारी. मी समोर, मांडीवर नारळ. तो कुठं ठेवावा हे मला सुचलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"जिवलग मित्र."

"बरं. झोप कधीपासून नाही?"

"रोज तीनला उठतात," मी सांगितलं; आवाजात कौतुक येऊ नये म्हणून फार जपलं.

"आणि जेवण?"

मावशी म्हणाली, "आठ म्हैने झाले. पोटात काय नाय."

"घरून डबा आणत नव्हते?"

"आनत व्हते की."

"मग तो खायचं कोण?"

भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. मी त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायला घेतली.

त्यांची बायको धावत आली तेव्हा आणखी एक उलगडा झाला. घरी मुन्शीजी बोलतच नव्हते. भांडं वाजलं तरी दचकत, भिंतीकडं तोंड करून पडून राहत. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ऑफिसात लई काम आहे." आणि आम्हाला वाटायचं, घरी लई सुख आहे. घर आणि ऑफिस यांच्यात वीस मिनिटांचं अंतर, तेही चालत. आता सायकल माझ्याकडं असल्यामुळं.

मी बरेच दिवस कारण शोधत होतो. कारण सापडलं असतं तर माझी सुटका झाली असती. म्हटलं असतं, त्याला आपण काय करणार? दवाखान्यात भेटायला गेलो की आडून आडून विचारायचो. मुलीचं काही? जमिनीचं काही? एक दिवस मुन्शीजी कंटाळून म्हणाले, "काही नाही हो. दुःख असतं तर बरं झालं असतं. धरून रडायला काहीतरी असतं. इथं नुसतं रिकामं होतं, आणि रोज दहा वाजता त्यावर इस्त्री करून यायचं."

उपचारानं ते बरे झाले. एका दिवसात नाही. कधी दोन पावलं पुढं, कधी तीन मागं. चार-पाच महिन्यांनी कामावर आले तेव्हा मी दारातच विचारलं, "कसं काय, मुन्शीजी?"

"आज नाही बरं," ते म्हणाले आणि जाऊन बसले.

ऑफिसला ते मुळीच आवडलं नाही. असं उत्तर कुणी देतं का! चहाच्या वेळचा किस्साही बंद झाला. काही जण म्हणाले, दवाखान्यात नेऊन माणूस बिघडवला. आमच्या ऑफिसला हसरा मुन्शी हवा होता. जिवंत असला तर उत्तमच, पण ती अट नव्हती.

मुन्शीजींनी सगळं परत घेतलं. भिंग पहिल्याच दिवशी, पुसून. मग म्हणाले, "सायकल आणा." घंटी वाजवून पाहिली, माझ्याकडं बघितलं आणि टांग टाकून गेले. डबा ते आता स्वतः खात, सावकाश, आणि मला मोजून चतकोर भाकरी देत. मी ती खात असताना मावशी दारात उभी राहून बघायची. माझ्याकडं नाही, त्यांच्या जबड्याकडं.

सहा वर्षांनी ते खरोखर निवृत्त झाले. समारंभाला मात्र साफ नकार. "माझा एक झालेला आहे," म्हणाले, "सरकार एका माणसाला दोन नारळ देत नाही." शेवटच्या दिवशी बस्त्यांच्या खोलीत आम्ही तिघंच बसलो होतो, ते, मी आणि मावशी. खांद्यावर त्यांनी तीच शाल घेतली होती, मी आणलेली. ती बघून मला उगीच भरून आलं आणि मोहही झाला. मी घसा साफ करून म्हणालो, "काही म्हणा मुन्शीजी, चुकून का होईना, पण त्या दिवशी मी तो समारंभ केला नसता तर तुम्ही..."

मुन्शीजी नुसतेच हसले. मावशी हसली नाही.

"गप ऱ्हावा, भाऊ," ती म्हणाली. "त्यांचा डबा तुमी खाल्ला, सायकल तुमी घेतली, आन वर नारळ घिऊन पोचवायला उभे ऱ्हायला व्हता."